निताच्या वाट्याच्या गोळ्या

"माह्या हातची गोळीबी इख वाटते काय तुमाले?" अंथरुणाखाली सापडलेल्या गोळ्या निताने सासूपुढे भिरकावल्या... आणि तापाने फणफणलेल्या कस्तुराबाई मान खाली घालून, चाचपडत, एकेक गोळी वेचू लागल्या!

छातीत कफ भरला म्हणून वाशिमच्या डॉक्टरांनी त्या दिल्या होत्या. पहिला ताप उतरला आणि कस्तुराबाईंनी त्या खाणंच सोडलं. सून पाण्याचा पेला धरून उभी राही, त्या गोळी गालात धरत आणि तिची पाठ वळताच काढून ठेवत. म्हातारीचा हेका, असं घरादाराला वाटलं. त्या माउलीच्या अंतःकरणात काय आहे हे विचारतो कोण! सोयाबीनच्या मळणीचा भुसा बाधून निताला दमा जडला होता, आणि "याच गोळीचा दम्यावर उपयोग होतो का, याचा अभ्यास चालू आहे," असं डॉक्टर बोलता बोलता हरीओमला, कस्तुराबाईंच्या मुलाला, म्हणाले होते. कस्तुराबाईंनी त्यातलं 'दम्यावर उपयोग' तेवढं उचललं. अर्धवट ऐकलेलं आणि अर्धवट शिजलेलं, दोन्ही बाधल्याशिवाय राहत नाही! सांगितलं असतं तर सुनेने त्या गोळ्या बळेच त्यांनाच खाऊ घातल्या असत्या, म्हणून बोलणी खाल्ली पण तोंडातून ब्र काढला नाही.

उलटलेला ताप मग हटेना. धाप लागली तशी हरीओमने त्यांना वाशिमच्या दवाखान्यात नेलं. तिथे तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला सारून त्यांनी निताचा हात धरला.

"तुह्यासाठी राखल्या वं पोरी... तुह्या दम्यासाठी. फेकू नको!"

निताचं काळीज फाटलं. "मले काहून नाई सांगतलं वो, आत्याबाई? मी तुमाले काय काय बोलली..."

डॉक्टरांनी दाराबाहेर दोघांना स्पष्टच सांगितलं: दम्याचं अजून काही ठरलेलं नाही, आजींचा आजार मात्र गोळ्या मध्येच सोडल्याने बळावला, आता आशा थोडी आहे. हरीओम भिंतीला टेकून रडू लागला. निता डोळे पुसून आत गेली.

"आत्याबाई, काल खाल्ली व्हती त्यातली एक. पाहा, श्वास कसा मोकळा झाला!" छातीतली घरघर दाबून तिने लांब श्वास घेऊन दाखवला.

"बरं झालं वं माय..." कस्तुराबाई हसल्या. डोळे मिटले.

हरीओम आत येऊन "माय गेली" म्हणून हंबरडा फोडेपर्यंत निता तशीच, खोकला दाबून, त्यांच्या उशाशी बसली होती.