उलटा चालणारा माऊस

देव कुणाची गाठ कुठे घालील, सांगता येत नाही. या दोघांची घातली ती जुन्या संगणकांच्या दुरुस्तीच्या दुकानात, मंगळवारी सकाळी.

तो विणकर. गालिच्यांची नक्षी एका तीस वर्षं जुन्या संगणकावर काढायचा. त्या संगणकाचा माऊस मेला होता, आणि तसला माऊस आता औषधालाही मिळत नव्हता.

"दुसऱ्या कंपनीचा बसवता येईल," दुकानातली मुलगी म्हणाली. "प्लग सारखाच आहे, आतल्या तारांच्या जागा तेवढ्या वेगळ्या. बदलून देते."

दुकान तिच्या मामांचं, म्हणून तिला सगळे भाचीच म्हणत. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझं पहिलं एकटीचं काम आहे. एक तक्रार आली, की परत काउंटरवर."

विणकराने ते ऐकलं.

तपासायला तसा संगणक दुकानात नव्हता. तिने तारा बदलल्या, जपून सोल्डरिंगचे डाग देऊन जोडल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला, "छान चालतोय."

मग तो अधूनमधून येऊ लागला.

"माऊसच्या पोटातली गोळी कशाने पुसायची?"

"कोरड्या फडक्याने."

"कोरड्या म्हणजे... किती कोरड्या?"

"तुमच्या या प्रश्नाइतक्या," ती म्हणाली. मामा खोकले.

बाराव्या दिवशी त्याने आणखी एक माऊस मागितला, जादाचा असावा म्हणून. बसवायला ती स्वतःच त्याच्या कारखान्यात गेली. सूत, लोकर, खिडकीतून तिरपं ऊन. तिने आधी स्वतः बदलून दिलेला पहिला माऊस हातात घेतला, पुढे सरकवला. पडद्यावरचा बाण खाली गेला.

"हा उलटा चालतोय."

"थोडासा."

"वर नेला की खाली जातो. याला थोडासा म्हणतात?"

भिंतीशी फुकट गेलेल्या नक्षीचे कागद होते. नक्षीतली सगळी पानं-फुलं उलटी, माना टाकून बसलेली.

"बारा दिवस असंच काम केलंत?"

"पहिले चार जड गेले. मग हात वळला."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती."

तिला राग आला होता. पण तो धड रागासारखा वागत नव्हता.

"मला कुणाची दया नको होती."

"दयेपोटी माणूस एक दिवस गप्प बसतो. बारा दिवस..." तो थांबला.

तिने फोन काढला. "मामा, माझ्या कामाची तक्रार आहे. दोन तारांची अदलाबदल झाली."

"कोण म्हणतं?"

"मीच."

पलीकडे मामा खोकले. मग, "दुरुस्त करून ये. आणि दोन दिवस काउंटरवर बस."

"दोनच?"

"स्वतःहून सांगितलंस म्हणून."

तिने सोल्डरिंग गनची पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचली. "सुलटा करते. तुमच्या हाताला पुन्हा चार दिवस जड जाईल."

"जाऊ दे. शेजारी बसून कुणी वर-खाली सांगितलं, तर लवकर वळेल."

"काउंटरचे दोन दिवस झाले, की येते. पण एक... माझ्या कामात चूक दिसली, तर आधी मला सांगायचं. मनात ठेवायचं नाही."

"चूक नसेल, तरी सांगू?"

तिने गनचं टोक बोटाजवळ धरून पाहिलं. अजून गारच होतं.

"सांग," ती म्हणाली. "हिला तापायला पाच मिनिटं लागतात."