जेठ्याचं मत

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर हसा, मीही आधी हसायचो. आता आमच्या परसातल्या टबाकडे पाठ करून मी जेवायला बसत नाही.

साल १९३८. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. नवापूरच्या बाजाराहून गुजरातच्या अंगाला डोंगरात चढलं की आमची खापरझिरी.

वेळ भर दुपारची, चैत्रातली. भूत रात्री येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचा चैत्र पाहिलेला नाही.

घडलं ते माझ्या पणजोबांच्या बाबतीत. त्यांचं नाव सुकराम.

तेव्हा वेठ होती. साहेब फिरतीवर आला की गावानं त्याचं सामान फुकट वाहायचं, घरटी पाळीनं. तेव्हाच्या मामलेदारांना आंघोळीला टब लागायचा. जस्ताचा, माणूस आडवा होईल एवढा. आमच्याकडे नदी होती, झरे होते, पण टब पाहिजेच.

सुकरामचा धाकटा भाऊ जेठ्या तो टब डोक्यावर उपडा घेऊन घाट चढायचा. लांबून बघणाऱ्याला एक टब आणि दोन पाय एवढंच दिसायचं.

एकदा चढावर ते पाय थांबले.

टब खाली बसला... ढंम्म.

उचलला, तेव्हा खाली जेठ्या गेलेला होता.

मामलेदारांनी टब नीट तपासला. पोचा आलेला नव्हता. मग त्यांनी पाटलाला बजावलं की या मरणाची नोंद करायची नाही. वेठीत मेला असं लिहिलं तर वरून चौकशी येते.

जेठ्याच्या घरात त्याची बायको रमीबाई एकटी उरली. घराची पाळी मात्र चुकत नव्हती. पुढच्या खेपेला टब तिच्या डोक्यावर येणार होता.

म्हणून सुकराम तालुका बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला. निवडून यायचं आणि वेठ बंद करायचा ठराव मांडायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

समोर होता दारूचा मक्तेदार. तो मामलेदारांचा माणूस. निवडणूक घेणार मामलेदार, मतं मोजणार मामलेदार, निकाल सांगणार मामलेदार. मक्तेदाराला उभं तरी कशाला केलं, हेच कळत नाही.

आदल्या दिवशी मक्तेदारानं गावात मोहाच्या दारूचे घडे पाठवले.

सुकरामनं डोकं चालवलं. दारू त्याची प्या, मत मला टाका, असं त्यानं घराघरात सांगितलं. गावाला हा बेत फार आवडला. विशेषतः पहिला अर्धा.

पळसाच्या पानांचे द्रोण झाले. आणि आमच्याकडे रीत आहे... पहिला घोट आपला नसतो. आधी जमिनीवर धार सोडायची, घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, त्यांना पाजायचं. मगच आपण.

सुकरामनं धार सोडली. बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. जेठ्याचं नाव ओठावर आलं तेव्हा रमीबाई मध्ये पडली.

"त्याला यातली देऊ नका, दादा," ती म्हणाली. "तो भोळा आहे. फुकटचं ठेवून घेत नाही, ज्याचं त्याला फेडतो."

सुकराम हसला. सगळे पिणार आणि माझा भाऊ कोरडा राहणार का, म्हणाला.

आणि त्यानं धार सोडली.

दुसऱ्या दिवशी चावडीत मतदान. आत दोन पेट्या. लाल मक्तेदाराची, पांढरी सुकरामची. पुढे आडोशाला घोंगडी टांगलेली. चिठ्ठी घ्यायची, घोंगडीमागं जायचं, हव्या त्या पेटीत टाकायची. मामलेदारांचा तंबू शेजारीच होता आणि अंगणात तो टब उपडा ठेवलेला.

मत शेतसारा भरणाऱ्यालाच होतं. ज्यांची शेतं, त्या सगळ्यांनी सकाळीच मतं टाकली. बाहेर येताना प्रत्येक जण सुकरामकडे बघून मिशीत हसत होता.

दुपारी चावडी ओस पडली. कारकून भिंतीला टेकून घोरत होता. सुकराम पेट्यांवर लक्ष ठेवून उंबऱ्यात बसला होता.

वारा नव्हता.

कावळे ओरडायचे थांबले होते.

आणि अंगणातला टब वाजला... ढंम्म.

जवळ कुणी नव्हतं.

मग घोंगडीमागं आवाज आला... टक.

पेटीत काहीतरी पडल्याचा.

सुकराम उठला, घोंगडी बाजूला करून बघितलं. दोन पेट्या. दुसरं काही नाही. फक्त मोहाचा वास... ताजा, कुणी आत्ताच तोंड पुसावं तसा.

तो परत येऊन बसला.

ढंम्म... टक.

ढंम्म... टक.

उंबऱ्यापासून घोंगडीपर्यंत मातीत ओले ठिपके उमटत गेले. पावलं नाहीत, नुसते ठिपके.

कुणीही पळाला असता. सुकरामला मात्र रडू आलं. आपली माणसं आली, असं त्याला वाटलं. बाप आला, आजा आला, जेठ्या आला, आपल्याला मत द्यायला. त्यानं उंबऱ्यातून सरकून वाट करून दिली आणि प्रत्येक ठिपक्याला हात जोडले.

उन्हं कलली तेव्हा पेट्या उघडल्या. लाखेचं सील मामलेदारांनी स्वतः तपासलं. जसंच्या तसं होतं.

पांढरी पेटी चिठ्ठ्यांनी भरलेली.

लाल पेटीत पाटलाची एकच चिठ्ठी.

आणि तिच्यावर... पळसाचे द्रोण. चपटे झालेले, ओले. पेटीची फट चिठ्ठीपुरती, त्यातून द्रोण जाणं शक्य नव्हतं. तरी पेटी काठोकाठ भरलेली.

कारकून दारापर्यंत मागं सरकला. मामलेदारांच्या कपाळावरही घाम आला. पण ते जुने अधिकारी. भूत कुठल्या बाजूचं आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"द्रोण मोजा," ते म्हणाले.

सुकराम एका द्रोणाकडे बघत राहिला होता. पानं टाचायचा काटा आपण उजवीकडून घालतो. त्या द्रोणाचा काटा डावीकडून होता.

गावात डावखुरा एकच होता.

"रावसाहेब, मेलेल्याला मत नसतं," सुकराम म्हणाला.

"कोण मेलं?"

"जेठ्या. तुमच्या टबाखाली."

"नोंद दाखव."

नोंद नव्हतीच. मामलेदारांनी कारकुनाला विचारलं, जेठ्याच्या नावचा सारा आला का.

"भरेल शे, रावसाहेब," कारकून दारातूनच म्हणाला.

तो सारा सुकरामनंच भरला होता, रमीबाईचं शेत जाऊ नये म्हणून.

मग मामलेदारांनी समजावून सांगितलं. ते चांगल्या आवाजात समजावून सांगायचे. सारा ज्याच्या नावचा तो मतदार. या गावातल्या जमिनी अजून बापाच्या नि आज्याच्या नावावर. कुणीच नाव बदलून घेतलेलं नाही. म्हणजे मतं त्यांची, आणि ती त्यांनी टाकली.

"उलट मला सांग," ते म्हणाले, "सकाळी तुम्ही लोकांनी कुणाच्या हक्कानं मतं टाकलीत?"

ती मामलेदारांनीच टाकू दिली होती.

पांढरी पेटी रद्द झाली.

अशा रीतीनं आमच्या गावात जिवंत माणसांची मतं बाद होऊन मेलेल्यांची मोजली गेली, आणि मक्तेदार निवडून आला. बोर्डाच्या पहिल्या बैठकीत त्यानं टबाला रंग द्यायचा ठराव मांडला.

वेठ चालूच राहिली. रमीबाईची पाळी आली, त्या दिवशी सुकराम तिच्या दारात गेला आणि तिच्या जागी टब त्यानं घेतला.

पुढचं त्यानं फक्त माझ्या आज्याला सांगितलं.

तिसरा प्रहर. वेठीचे बाकीचे लोक पुढं गेलेले. सुकराम एकटा, डोक्यावर टब, टबाखाली अंधार. जिथं जेठ्या थांबला होता तिथं त्याचे पाय जड झाले. श्वास मिळेना.

आणि टब एकदम हलका झाला.

मागून कुणीतरी उचलून धरला होता.

खाली बघावं तर आपलेच दोन पाय. आणि त्यांच्यामागं... मातीत ओले ठिपके.

सुकरामनं मान वळवली नाही. बराच वेळ तो तसाच चालला. मग त्यानं विचारलं. आमच्या बोलीत विचारलं, मी मराठीत सांगतोय.

"मला का नाही दिलंस मत?"

टबाच्या आतून उत्तर आलं. अगदी कानाशी. लाजल्यासारखं.

"दादा, तूच तर पाजलीस."

माथ्यावर पोचल्यावर टब पुन्हा जड झाला.

पुढं मामलेदार बदलून गेले. मोठ्या टबाच्या गावी गेले असावेत, कारण हा मागंच राहिला. तो आमच्या परसात आहे. त्यात कोंबड्या बसतात. सुकरामनं घरात एक नियम घातला, निवडणुकीची दारू या घरात उघडायची नाही. लोकांना आम्ही फार तत्त्वाचे वाटतो. तसं काही नाही. आम्ही घरात मोजके, आणि गेलेले भरपूर.

परवा गावात प्रचाराची गाडी आली. बाटल्या वाटून गेली. मी शेतात होतो. घरी आलो तेव्हा आमचे चैत्याकाका अंगणात बसले होते, बूच उघडून. नियम त्यांना माहीत आहे. पण दारू त्यांची, मत आपलं, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, धार तर नाही ना सोडली?"

"सोडली की. रीत आहे आपली."

"नावं?"

काकांनी सगळी नावं घेतली होती. शेवटचं जेठ्याचं.

तेवढ्यात परसात टब वाजला.

कोंबड्या सगळ्या अंगणात होत्या.

मतदान उद्या आहे. मी कुणाला मत देणार ते ठरलंय.

त्याचंही ठरलंय.