कोनाड्यातला हिरवा दिवा

राउटर कुठे ठेवायचा, असं हल्ली गावातल्या बायका मला विचारतात. मी सांगते. उंचावर ठेवा, मोकळा ठेवा. फ्रिजमागे नको, लोखंडी कपाटाशेजारी तर नकोच. मध्ये ओली भिंत असेल तर आधी तिचं बघा, ओल रेंज पिऊन टाकते. कोनाड्याचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

लग्न होऊन खोपोलीजवळच्या या गावात आले तेव्हा आम्हाला मागची खोली मिळाली. घराच्या जुन्या दगडी भिंतीला टेकवून नवी बांधलेली. म्हणजे पूर्वीची घराची बाहेरची बाजू आता आमच्या पलंगाला लागून. त्या भिंतीत एक कोनाडा, समोर नदीकडची खिडकी. भिंत भर उन्हाळ्यातही ओली. साईराजने, माझ्या नवऱ्याने, दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. रंगाच्या डब्यांवर त्याचा फार विश्वास. ओल तिसऱ्या दिवशी परत.

माझं काम घरूनच, फोनवर विम्याचे दावे तपासायचं. राउटर पुढच्या खोलीत, त्यामुळे बोलता बोलता लाइन तुटायची. शेवटी साहेबांनी बजावलं, शुक्रवारी संध्याकाळी तुमची तपासणी. त्यात लाइन तुटली तर काम बंद.

कोनाड्यासारखी जागा नव्हती. पण तिथे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज तिन्हीसांजेला पणती लावत. मी भीतभीतच विचारलं.

"ठमीला घरची वाट दिसावी म्हून हाय ती," त्या म्हणाल्या. "माजी धाकटी जाव. तुज्यासारखीच नवी नवरी. धुणं घेऊन नदीवर गेली, पाणी चढलं... घावलीच नाय. त्या सांजंला दिवा लावायला मीच इसरले व्हते."

साईराज म्हणाला, "आई, राउटरला पण दिवा हाय की. हिरवा. रातदिस पेटता. आन् रेंज पार नदीपर्यंत जाईल."

आईंनी त्या हिरव्या ठिपक्याकडे बराच वेळ बघितलं. "इजणार नाय ना रं?"

"नाय गं."

त्यांनी पणती उचलून आत नेली.

बुधवारी संध्याकाळी मी मोबाइलवर राउटरचं ॲप उघडलं. कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते त्यात. साईराजचा फोन, माझा फोन, लॅपटॉप. आणि चौथं काहीतरी, नाव नसलेलं. रेंज एक काडी. कुणीतरी फुकट्या, म्हणून मी पासवर्ड बदलला. गुरुवारी दिवेलागणीला ते पुन्हा यादीत. दोन काड्या. मी खिडकीतून पाहिलं. त्या बाजूला आमच्यापलीकडे घर नाही. नदीच आहे.

शुक्रवारी तपासणी सुरू झाली तेव्हा बाहेर उजेड उतरत होता. मी कानाला हेडफोन लावून दावे वाचून दाखवत होते, आणि डोळे मोबाइलवर. तीन काड्या. खोलीत शेवाळाचा वास आला, त्यात धुण्याच्या साबणाचा. माझा हात प्लगकडे गेला.

"लाइन छान आहे हो मॅडम," कानात साहेब. "दोनच मिनिटं आता..."

दोन मिनिटं. माझं काम, माझं एवढं एकच स्वतःचं. मी हात मागे घेतला.

चार काड्या. राउटरखाली ठेवलेल्या माझ्या स्वतःच्या फोनलाही चारच होत्या.

मागे पाणी निथळत होतं... थेंब, थेंब... मी वळले नाही.

"काम पक्कं तुमचं," साहेब म्हणाले.

मी प्लग उपटला, धावत जाऊन पणती आणली. आगपेटीच्या तीन काड्या मोडल्या तेव्हा कुठे ती पेटली. दारात आई उभ्या होत्या. त्यांनी पणतीकडे पाहिलं, मग पलंगाकडे. आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या,

"आता कशाला लावतेस गं...?"

सकाळी भिंत खडखडीत कोरडी. साईराज तिच्यावर थापा मारत म्हणाला, "बघ, लागू पडला का नाय रंग?" राउटर परत पुढच्या खोलीत गेलाय आणि नेट तिथूनही सुरेख चालतं. ओल आता भिंतीत नाहीच ना.

फक्त पलंगावर, साईराज आणि भिंत यांच्यामध्ये, गादी रोज सकाळी ओली असते. एका माणसापुरती.