चोवीसवर थांबलेली हवा

चार चाकांच्या व्हॉल्व्हवर चार काळ्या टोप्या होत्या. तीन टोप्यांवर सारखीच बारीक धूळ होती. मागच्या डाव्या चाकाची टोपी मात्र स्वच्छ होती आणि जेमतेम अर्ध्या आट्यावर टेकलेली. बोट लावताच ती हातात आली.

काटेसाहेबांनी दाब मोजला. चोवीस. पुन्हा चोवीसच.

डॅशबोर्डवर कमी हवेचा पिवळा दिवा जळत होता. दोन आठवड्यांत चौथ्यांदा, आणि चारही वेळा मंगळवारी किंवा शुक्रवारी. म्हणजे नातीला पोहायच्या वर्गाला न्यायचं त्यांच्याकडे असे, नेमके तेच दिवस. मागच्या खेपेला सून फोनवर म्हणाली होती, "बाबा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा." ते वाक्य त्यांना अजून सलत होतं.

कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी दाबमापकांचे काटे तपासले, म्हणून हे नाव पडलं. काटेसाहेब साक्षात देवाचंही ऐकणार नाहीत, काट्याचं मात्र ऐकतील, असं तिथे म्हणत. दिवा लागला की गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नियम होता. डोळ्यांत सकाळचे थेंब घालून त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"तू रीसेट नीट केलं होतंस का?"

"हवा तेहेतीस भरली, मगच बटण दाबलं, साहेब. कमी हवेवर दाबलं तर गाडी कमीलाच बरोबर समजते. एवढं कळतं मला."

"मग सेन्सर गेला असेल."

"दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो का?"

"नाही. सरळ लागतो."

"मग सेन्सर ठणठणीत आहे. बिघडला असता तर दिवा आधी लुकलुकला असता."

"पंक्चर?"

"चाक पाण्यात बुडवलं ते तुमच्यासमोरच. एक बुडबुडा आला? आणि थंडीनं म्हणाल तर चारही चाकं उतरली असती. माझ्यावर डाफरून काय होणार? हवा कुणीतरी काढतंय."

फोन आपटून काटेसाहेब तडक कुंपणाशी गेले. शेजारी गाडी पुसत होता. दोघांचं वाहनाच्या जागेवरून वाकडं होतं.

"माझ्या गाडीची हवा तुम्ही सोडता?"

"मी सोडली असती तर चारही चाकं जमिनीला टेकवली असती," शेजारी मान वर न करता म्हणाला. "शिवाय तुमच्या गॅरेजला आतून कडी. दुसरं दार थेट तुमच्या स्वयंपाकघरात. मी काय भिंतीतून येऊ?"

"तुमचा राग आहे माझ्यावर."

"आहेच. मागच्या महिन्यात माझा आरसा उडवलात."

"तो तुम्ही रस्त्यात ठेवला होता."

"आरसा गाडीलाच असतो, साहेब. तुमच्या डाव्या हाताला अख्खी गाडी उभी होती."

काटेसाहेब तणतणत परतले. पण डोकं चालू होतं. रागावलेला माणूस मोजून हवा सोडत नाही. तेहेतीसच्या पाऊणपटीखाली दाब गेला की दिवा लागतो. पंचवीसवर लागत नाही, चोवीसवर लागतो. कुणीतरी बरोबर चोवीसवर थांबत होतं. त्याला मापक लागणार. घरात मापक एकच, त्यांच्या खणातलं.

इतर दिवशी चाकाला काही होत नव्हतं. त्या दिवशी ते बायकोबरोबर बाजारात जात, आणि ती वाटभर "डावीकडे सायकल, डावीकडे माणूस" असं पुटपुटून वीट आणी. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ती दवाखान्यात बोटं शेकायला जाई.

स्वयंपाकघरात तिने नेहमीसारखी बरणी पुढे सरकवली. "एवढी उघडून द्या."

त्यांनी झाकण फिरवलं. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. पेरं सुजून आवळ्याएवढी झाली होती.

"टोपी तुला घट्ट बसवता आली नाही," ते म्हणाले.

तिने बरणी खाली ठेवली.

"मी दरवेळी चिमटीत धरून आवळतो. पुढच्या वेळी ती अर्ध्या आट्यावर. गॅरेजला आतून कडी, म्हणजे माणूस घरातला. घरात आपण दोघंच. मापक माझं, आणि चोवीसवर दिवा लागतो हे मी तुलाच सांगितलं होतं. गाडीत तू नसतेस नेमक्या त्याच दिवशी हवा जाते." त्यांचा आवाज चढला. "माझ्या गाडीशी, माझ्याच मापकानं? सुनेसमोर माझी शोभा करायला?"

"ओरडू नका. ओरडायची पाळी माझी आहे."

"मला वाटलं, रागात माणूस मोजत नाही."

"राग होताच. सगळी हवा सोडावी, टायर फाडावा, असंही वाटलं. पण पस्तीस वर्षं तुमची मापं ऐकली आहेत." तिने पदर खोचला. "डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले. डाव्या बाजूची नजर गेली, गाडी सोडा. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू. सहा वेळा पुढचा महिना झाला. मी सांगितलं, भांडले, रडलेसुद्धा. बाजारात मी तुमचा डावा डोळा होऊन बसते. आणि त्या सात वर्षांच्या पोरीला काय सांगू? आजोबांना सायकली दाखवत जा?"

"मला पुन्हा एकदा सांगायचं होतंस."

"माणसाचं ऐकलंत कधी? तुम्ही दिव्याचं ऐकता. म्हणून दिव्याकरवी सांगितलं."

"मला अजून नीट दिसतं."

"माझ्या नाकाकडे बघा. मान हलवू नका. किती बोटं?"

ते तिच्या नाकाकडे बघत राहिले. संताप कानशिलांत ठणकत होता.

"आधी हात तर वर कर," ते म्हणाले.

"केव्हाचा वर आहे," ती म्हणाली.

ओट्यावरचा फोन वाजू लागला. सुनेचा होता. बायकोने तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाबा, निघताय ना? पोरगी पिशवी घेऊन दारात उभी आहे. की आज पुन्हा दिवा?"

दिवा खरोखरच लागलेला होता. तेवढं सांगितलं असतं तरी आजचा दिवस निभावला असता. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"चाक ठीक आहे," काटेसाहेब म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. मी आता गाडी चालवणार नाही."