चंद्रावरच्या कोंबड्यांचा खुराक

कोंबड्या दुप्पट ताकदीचा खुराक खात होत्या, तरी त्यांची पिसं विरळ होत चालली होती. आणि आतली हवा किती चांगली ते दाखवणारा शेडच्या दारावरचा दिवा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल झाला होता.

हे कोडं कस्तुरीला काही केल्या सुटत नव्हतं.

कुंभोशी हे पैलवानांचं गाव. तिथे खुराक या शब्दाला फार मान. कुणाला ताप आला, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाची म्हैस आटली, तरी गावाचं औषध एकच: खुराक वाढवा! कस्तुरीचे पप्पा, धनाजी पैलवान, आता कुस्ती सोडून तालमीत मुलांना शिकवत. त्यांच्याही बोलण्यात दर तिसरं वाक्य खुराकाचं असे.

पण गावाबाहेरची शेड पप्पांची नव्हती. ती होती आबांची, म्हणजे कस्तुरीच्या आईच्या वडिलांची. आबा पशुआहारतज्ज्ञ. कुठल्या प्राण्याला काय खायला घालावं याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. त्यांची ही शेडही साधी नव्हती. तिला खिडक्या होत्या, पण त्या कायम घट्ट बंद ठेवलेल्या. आतलीच हवा यंत्रातून गाळून पुन्हा आत सोडली जायची. आत जायचं तर दोन दारांच्या छोट्या खोलीतून जावं लागे: एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडतच नसे. चंद्रावर माणसांची वस्ती वाढत होती. तिथे कोंबड्या पाळता येतील का, हे आधी इथे, वारणेच्या काठी, पाहिलं जात होतं.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी चांद्रवसाहतीच्या डॉ. मुजावर तपासणीला येणार होत्या. त्या दिवशी दिवा लाल असला, तर प्रयोग बंद. निवृत्त झाल्यापासून आबांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

आबा महिनाभर मिरजेला मावशीकडे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. जाताना त्यांनी शेड कस्तुरीवर सोपवली होती. आज ते परत आले. काळा चष्मा लावून, कस्तुरीच्या खांद्यावर हात ठेवून थेट शेडमध्येच शिरले.

"आबा, दिवा..."

"सांगू नकोस. या चष्म्यातून मला सगळंच काळं. पण नाक शाबूत आहे." त्यांनी दोनदा हुंगलं. "लाल आहे. अमोनिया (डोळ्यांना झोंबणारा, उग्र वासाचा वायू) मिरजेपर्यंत यायचा राहिलाय."

मग ते खाली वाकले. कोंबड्यांच्या पायाखाली तांदळाच्या तुसाचा जाड थर असतो. त्यातलं मूठभर तूस घेऊन त्यांनी घट्ट दाबलं आणि मूठ उघडली. तुसाचा लाडू झाला होता.

"बघ. तूस कोरडं असेल तर मूठ उघडताच सांडतं. हे ओलं आहे. कोंबड्यांचे पाय?"

कस्तुरीने भोलूला उचलून त्यांच्या हातात दिलं. भोलू हा तिचा लाडका कोंबडा. पांढरा, गुबगुबीत आणि आता लंगडा. आबांनी त्याच्या तळपायावरून अलगद बोट फिरवलं.

"फोड आलेत रे बाळा तुला. कस्तू, यांना खायला काय घातलंस?"

ती बोलायच्या आधीच कोपऱ्यातून तुरा चाकांवर धडधडत आला. तुरा हा शेडचा यंत्रमानव. कमरेएवढा, डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल पट्टी. त्याला बोलायला पप्पांनी शिकवलं होतं, त्यामुळे तो कायम कुस्तीच्या मैदानात असल्यासारखा बोले.

"कुस्तीशौकिनांनोऽऽ! खुराकात सोयाबीनची पेंड वाढवण्यात आली आहेऽ! आदेश कस्तुरी धनाजी यांचा! पांढरी पूड संपल्यामुळे बाद!"

"गप रे चोंबड्या," कस्तुरी म्हणाली. तिचे कान तापले. "आबा, तुमची ती पूड संपली. नवीन डबा यायला उशीर होता. पप्पा म्हणाले, चिमूटभर पुडीनं काय होतंय? पेंड वाढव, अंगाला लागंल. मलाही ते पटलं. नवीन डबा परवाच आलाय. पण मी तो उघडला नाही."

ती उठून खिडकीपाशी गेली. खिट्टीवर हात ठेवून म्हणाली, "ही थोडा वेळ उघडू? वास तरी जाईल."

"चंद्रावर उघडशील?"

कस्तुरीने हात काढून घेतला. चंद्रावर खिडकीबाहेर हवाच नसते.

"चल घरी," आबा म्हणाले. "वाटेत फुलांचा वास आला मला. हार चाललेत ना?"

जत्रेच्या कुस्त्या जवळ आल्या होत्या. पडवीत आई विजेत्यांसाठी हार ओवत बसली होती. झेंडूची टोपली भरलेली, शेवंतीचीही बऱ्यापैकी. प्रत्येक हाराच्या टोकाला लाल रेशमाचा एक गोंडा लागायचा. ते गोंडे मात्र मूठभरच होते.

"कस्तू, यात किती हार होतील?" आबांनी विचारलं.

"जेवढे गोंडे, तेवढेच."

"मग मी झेंडूची आणखी एक टोपली आणतो."

"कशाला? गोंड्याशिवाय हार पुरा होतोय होय!"

"बरं, आणलीच. मग उरलेल्या झेंडूचं काय?"

"कुजणार. गेल्या जत्रेनंतर देवळामागं केवढा वास सुटला होता..." आणि ती थबकली. "आबा! कोंबड्यांचं तसंच झालंय का?"

आबा नुसते हसले. मग त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली.

"पिसं, मांस, रक्त, सगळ्यात प्रथिनं (शरीर बांधणारे पदार्थ) असतात. प्रथिन म्हणजे एक हारच. त्यातली फुलं म्हणजे अमिनो आम्लं (ज्यांची साखळी जोडून प्रथिन बनतं असे छोटे दुवे). ती साधारण वीस प्रकारची. काही कोंबडी स्वतः बनवते, काही तिला खाण्यातूनच मिळावी लागतात. मका आणि सोयाबीनच्या खाण्यात एक दुवा नेहमी कमी पडतो. त्याचं नाव मिथिओनिन. पिसांसाठी तो फार लागतो."

"म्हणजे मिथिओनिन हा गोंडा!"

"बरोबर. त्याच्या मागोमाग लायसिन कमी पडतं. माझ्या पुडीत हेच असतं, मोजून घातलेलं. लायसिन तर आपल्या उसाच्या मळीवर जिवाणू वाढवून बनवतात."

"पण पेंडीत थोडं तरी मिथिओनिन असेल ना?"

"असतं की. पण एका गोंड्यासाठी तू टोपलीभर झेंडू आणतेस. उरलेली अमिनो आम्लं शरीराला साठवून ठेवता येत नाहीत. ती मोडावी लागतात. त्यांतला नायट्रोजन कोंबडी विष्ठेतून बाहेर टाकते. ते करताना पाणीही जास्त पिते. तूस ओलं होतं. मग तुसातले जिवाणू त्या नायट्रोजनचा अमोनिया करतात."

"आणि ओल्या तुसावर उभं राहून भोलूचे पाय पोळले," कस्तुरी हळू आवाजात म्हणाली. "खुराक जास्त, पण शरीरासाठी तो अर्धवटच."

"आता सांग, काय करायचं?"

"पेंड कमी आणि पूड सुरू. चिमूटभरच, पण रोज."

इतक्यात तालमीतून पप्पा आले. आबांनी आवाजावरून ओळखलं. "या जावईबापू! चिमूटभर पुडीनं काय होतंय म्हणे?"

पप्पांनी कान खाजवला. "आबा, खुराक कमी केल्यावर ताकद वाढली असं झालं, तर मी सगळ्या तालमीसमोर कोंबड्यांच्या पाया पडेन."

"त्या पायांचे फोड आधी बरे होऊ देत," आई गोंडा बांधत म्हणाली, आणि सगळे हसले.

त्याच दुपारी नवीन डबा उघडला. पूड इतकी थोडी की ढिगात कुठेच दिसेना. तुराने ती खाण्यात तीनदा कालवली. रोज सकाळी तो दाताळ्याने तूस खालीवर करी, आणि कस्तुरी मूठ दाबून पाही. पहिले काही दिवस लाडूच. दिवाही लालच. तिचा जीव टांगणीला लागला. खिडकीकडे ती बघतही नसे. बघितलं तर हात जाईल, अशी भीती. मग एका सकाळी लाडूला तडा गेला. कोंबड्या पाण्याच्या नळीपाशी कमी रेंगाळू लागल्या. दिवा पिवळा झाला, आणि तिथेच अडून बसला.

रविवारी सकाळी डॉ. मुजावर आल्या तेव्हाही तो पिवळाच होता. बाईंनी हवा तपासली, पिसं पाहिली, कोंबड्यांचे तळपाय पाहिले. मग घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "लाल नाही, हे चांगलं. पण पिवळा उतरतोय की चढतोय? ते मला कोण सांगेल?"

कस्तुरीने आबांकडे पाहिलं. ती खाली वाकली, तुसाची मूठ भरली, जीव एकवटून दाबली आणि बाईंसमोर हात उघडला.

तूस बोटांमधून भुरूभुरू सांडलं.

"उतरतोय," ती म्हणाली. "आता खाण्यातले हार पुरे होतायत. उरून कुजायला फारसं काही नाही."

हार म्हणजे काय ते तिने बाईंना समजावून सांगितलं. बाई ऐकता ऐकता तिच्यासारख्याच उकिडव्या बसल्या. सांगणं संपत आलं, तेव्हा दारावर टक् असा आवाज झाला. दिवा हिरवा झाला होता.

"निकाली कुस्तीऽऽ!" तुरा ओरडला. "चिमूटभर पुडीनं टोपलीभर पेंडीला अस्मान दाखवलंऽऽ!"

"प्रयोग चालू राहील," डॉ. मुजावर हसत म्हणाल्या. "आणि या मुठीची युक्तीही वर पाठवायला हवी."

पप्पा वचनाला जागले. सगळ्या तालमीदेखत ते भोलूच्या पाया पडले. भोलूने त्यांच्या केसात चोच मारली आणि तो चालू लागला. अजून थोडा लंगडत, पण पंख झाडत. पंखांवर नव्या पिसांचे कोंब दिसत होते.

बाहेर पश्चिमेला दिवसाचा फिकट चंद्र अजून मावळायचा होता. आबांनी काळा चष्मा काढून डोळे किलकिले केले.

"दिसतोय?" कस्तुरीने विचारलं.

"दिसतोय. खिडक्या उघडता न येणारं गाव."

"तुम्ही जाल ना आबा, कोंबड्या घेऊन?"

"मी कशाला? तू जाशील." त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळव्याला चिकटलेलं तूस एकेक करून झाडलं, आणि तिची बोटं अलगद मिटवली. "मूठ तर तुझ्याजवळ आहेच."