दादाच्या सर्व्हरवरचा निरोप

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मला तुमची तोंडं बघायची नाहीत.

गुरुवारची संध्याकाळ. वहिनीचं स्वयंपाकघर.

मी आणि माझा थोरला भाऊ एकाच कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. ठरलेल्या वेळी आपोआप होणारी कामं ज्या-त्या सर्व्हरच्या घड्याळावर लावलेली. सर्व्हर बंद पडला की त्याचं काम गपचूप मरायचं. म्हणून दादा पहारा देत बसायचा.

"सगळी कामं एका डेटाबेसमध्ये ठेवा, जो सर्व्हर मोकळा असेल तो उचलेल," असं घसा फोडून सांगायचा. साहेबांनी ऐकलं नाही.

दादा खुर्चीतच गेला.

मग साहेबांना अक्कल आली. सगळी कामं डेटाबेसमध्ये हलवली.

पण दादाच्या सर्व्हरवर एक घरचं काम होतं. रोज संध्याकाळी वहिनीच्या मोबाइलवर निरोप...

"जेवून घे. वाट बघू नकोस."

दादा गेल्यावरही यायचा. निरोप आल्यावरच वहिनी घास घ्यायची.

बुधवारी मी तिला सांगितलं, "तो सर्व्हर उद्या भंगारात जाणार. मी निरोप डेटाबेसमध्ये टाकतो. रोज येईल."

"पाठवणार कोण?"

"जो मोकळा असेल तो."

"म्हणजे कुणीही सोम्यागोम्या?" ती हसली. डोळे मात्र भरले. "नको भावोजी. त्यांच्या मशीनवरून आला तरच तो माझा."

गुरुवारी दुपारी मीच वायर उपटली. डिस्क काढल्या. पंख्याची घरघर थांबली.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. तिनं ताट घेतलं नव्हतं.

घर गप्प.

मग दाराबाहेर... घरघर. तीच. त्या पंख्याची.

"भावोजी, ऐकताय ना?"

मी दार उघडलं. जिना रिकामा.

मागे मोबाइल थरथरला...

"वाट बघ."

एवढंच.

मी सगळे सर्व्हर तपासले, डेटाबेस तपासला. हा निरोप कुठेच नाही. मी टाकलाच नव्हता.

तेव्हापासून वहिनी कडी काढून दाराशी बसते. दोन ताटं मांडते. स्वतः जेवत नाही. "तुम्ही उरकून घ्या भावोजी," म्हणते. हाडं दिसायला लागलीत तिची.

मी रोज कडी लावायला उठतो.

जवळ गेलो की पलीकडची घरघर थांबते... कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी.

माझाही भाऊ आहे तो.

कशी लावू?