आगरदांड्याला निघालेला सीपीयू

फेरीबोट दिघीच्या धक्क्यावरून सुटणार, तेवढ्यात प्रांजली धापा टाकत चढली आणि थेट एका अनोळखी तरुणाच्या मोटरसायकलपाशी जाऊन उभी राहिली. मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधलेला जुना सीपीयू होता.

"फॉरमॅट केलात का हो हा?"

"गाडीवर?" तो हसला. "आगरदांड्याच्या वाचनालयात पोचलो की करणार. पण तुम्ही कोण?"

"मी... याच्यावर दोन वर्षं काम केलंय."

आता ही भानगड काय, ते सांगायलाच हवं. प्रांजली बोर्लीच्या छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायची. भातगिरणीच्या पट्ट्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा लोक "बिचारी" म्हणून मोकळे झाले. पण ही बया गप्प बसते होय! प्रोग्रॅममधली एकेक कळ तिनं डाव्या हाताच्या सोयीनं बदलून घेतली आणि भल्याभल्यांना मागं टाकलं. परवा नवा संगणक आला. तिनं सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, मालक धर्माजीशेठनी जुना सीपीयू आज सकाळी वाचनालयाला देऊन टाकला, आणि ती नव्यावर बसते तर काय, एक कळ ओळखीची नाही! संध्याकाळपर्यंत शाळेचे सराव पेपर द्यायचे होते. शेठ म्हणाले, "नाइलाज आहे पोरी. नाही जमलं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

हे सगळं तिनं खाडी ओलांडेपर्यंत सांगून टाकलं. वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या हँडलमध्ये अडकली... त्यानं ती हळूच सोडवली.

"कळांची फाईल कुठं ठेवलीत?"

"मी कुठं फाईल केली?"

"प्रोग्रॅमनं केली असणार, तुम्हाला न विचारता. लपवून ठेवतो तो. मी संघर्ष, वाचनालयाचे संगणक बघतो. चला, शोधू."

वाचनालयात त्यानं सीपीयूला स्क्रीन जोडला, 'लपलेलं दाखवा'वर खूण केली, आणि कधी न पाहिलेले फिकट फोल्डर समोर आले. एकात एक, त्यात आणखी एक... चौथ्यात सापडली. एवढीशी फाईल! संघर्षनं उघडून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे सगळं तुम्ही एकटीनं बसवलंत? मला शिकवाल?"

प्रांजलीचे डोळे भरून आले. दोन वर्षांत तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

"फार उपकार झाले तुमचे," एवढंच ती म्हणाली आणि फाईल उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह मुठीत धरून परतीच्या बोटीकडे पळाली. पेपर वेळेत गेले.

त्यानंतर संघर्ष तीनदा बोर्लीला आला. दरवेळी एकच... "फाईल नीट चालते ना, म्हटलं बघून जावं." आणि दरवेळी कान लाल! तिसऱ्या खेपेला प्रांजलीनं त्याला सरळ चहाच्या टपरीवर नेलं.

"फाईल उत्तम आहे. आता खरं बोला."

"बोलायचं तर आहे..." तो बुटांकडे बघत राहिला. "पण तुम्ही उपकार म्हणून हो म्हणाल, याची भीती वाटते."

"अहो, उपकाराचे आभार मी त्याच दिवशी मानले. माझी नोकरी टिकली, ते जन्मभर विसरायची नाही. पण..." तिनं ग्लास खाली ठेवला. "तुम्ही येणार म्हटलं की मी सकाळपासून रस्त्याकडे बघत बसते. त्याला काही आभार म्हणत नाहीत."

संघर्ष पार गडबडला. "म्हणजे... हो?"

"आधी विचारा तरी!"

मग त्यानं विचारलं.